श्वास सोडून दुसरं काही

४ सप्टेंबर, बुधवार

नवी तुकडी आज सुरू झाली. बारा जणांची नोंद होती, अकरा आले, आणि त्यातल्या दोघांना आपण पाठदुखीच्या व्यायामाला आलोय असं वाटत होतं. त्यांची तरी काय चूक? आम्हाला दिलेली खोली फिजिओथेरपीची जुनी खोली आहे. एका भिंतीला आरसा, कोपऱ्यात व्यायामाची मोडकी सायकल. ती कुठल्याच विभागाची नाही, म्हणून कोणीच उचलत नाही. खिडकीखाली अँब्युलन्स मागे घेतात. मी म्हणते, "आता फक्त कानावर येणारे आवाज ऐका," आणि खालून पीं पीं सुरू होतं.

नऊ वर्षं ह्या हॉस्पिटलात मी सजगतेवर आधारलेला हा आठ आठवड्यांचा कोर्स घेतेय. चिंता, नैराश्य, जुनी दुखणी ह्यांनी पिचलेली माणसं येतात. बरीचशी थोडी हलकी होऊन जातात. तरी हाडांच्या डॉक्टरांच्या लेखी मी अजून 'त्या डोळे मिटायला लावणाऱ्या मॅडम'च आहे.

ह्या खेपेला जिवाचं रान करायचं ठरवलंय. हा कोर्स शिकवणाऱ्यांना शिकवायची परवानगी मला मिळू शकते. ज्यांच्याकडे मी हे सगळं शिकले त्या आमच्या बाईच परीक्षा घेणार आहेत. प्रत्येक तासाचं चित्रण करायचं आणि त्यातलं एक निवडून त्यांना पाठवायचं. बाईंची शिस्त कडक. आराखड्यातला एक सराव इकडचा तिकडे झालेला त्यांना खपत नाही.

एक गोष्ट मात्र पहिल्याच पायरीला मनाविरुद्ध झाली. कोर्सच्या आधी प्रत्येकाशी वेगळं बसून बोलायचं असतं, कोण काय ओझं घेऊन आलंय ते कळावं म्हणून. विभागप्रमुख म्हणाले, बाहेर पेशंटची रांग बघा, ह्या वेळी सगळ्यांना एकत्रच काय ते सांगून टाका. मी थोडी भांडले, मग गप्प बसले. जास्त ताणलं असतं तर तुकडीच रद्द केली असती त्यांनी.

तुकडीत एक मुख्याध्यापिका आहेत, आमच्याच इथली एक नर्स आहे, एक बेकरीवाला आहे जो डोळे मिटताक्षणी घोरायला लागला. आणि अग्निशमन दलातला एक जवान, ज्याला त्याच्या साहेबांनी 'पाठवलंय'. पाठवलेली माणसं मला नको वाटतात. मी खुर्च्या गोलात मांडल्या होत्या. ह्यानं आपली उचलली आणि दाराशी नेऊन ठेवली. आणि सगळा वेळ खोकला.

११ सप्टेंबर, बुधवार

खोकलेबुवांनी आजचं चित्रण पार मातीत घातलं. पायाच्या बोटांपासून वर यायचं, एकेक अवयव मनानं न्याहाळायचा, असा सराव. गुडघ्यांपर्यंत सगळं छान. पोटापर्यंत ठीक. छातीशी आलो, "श्वासाबरोबर छाती वर येतेय, खाली जातेय, ते बघा" म्हटलं, की ह्याचा खोकला सुरू. पाणी दिलं. थांबला. पुन्हा श्वास म्हटलं, पुन्हा खोकला. माणूस धडधाकट, छातीचा फोटो स्वच्छ, कागदावर तसं लिहिलंय. मग कशाला खोकतोस बाबा?

माझी शिकाऊ सहकारी कॅमेऱ्यामागे उभी होती. तिला मी मनातल्या मनात 'प्रश्नावली' म्हणते, कारण तिचं एकही वाक्य पूर्णविरामानं संपत नाही. म्हणाली, "मॅडम, ते दारावरची नजर काढतच नाहीत, बघितलंत का?"

बघितलं. मन लागत नसलं की सगळेच दाराकडे बघतात. मीही मीटिंगमध्ये बघते.

१५ सप्टेंबर, रविवार

घरी आज माझ्या आवाजावरून थट्टा. डब्याचं झाकण कोणी नीट लावलं नव्हतं, सगळी बिस्किटं सादळली. मी शांतपणे विचारलं, हे कोणी केलं. नवरा म्हणाला, "तू सरळ ओरड. ओरडलीस की तेवढ्यापुरतं भागतं. हा क्लासचा आवाज लावलास की दिवसभर पोटात गोळा येतो." सासूबाई हसून हसून बेजार.

सासूबाईंना मी सरावाचं ध्वनिमुद्रण मोबाइलवर घालून दिलं होतं. झोप लागत नाही म्हणतात म्हणून. आज म्हणाल्या, "तुझी ती टेप नको गं बाई मला. श्वासाकडे बघ, श्वासाकडे बघ. बघायला गेलं की मला धापच लागते. नाही बघितलं तर आपला चालू असतो बिचारा."

मी त्यांना समजावलं की सुरुवातीला असं वाटतं, सोडायचं नाही, सराव चालू ठेवायचा. त्यांनी मान डोलावली आणि मोबाइल माझ्या हातात परत दिला. ह्या घरात माझ्या विद्येला काडीची किंमत नाही.

१८ सप्टेंबर, बुधवार

आजचा तास जमला. मनासारखा.

नुसतं बसून श्वासाकडे लक्ष द्यायचा सराव होता. खोकलेबुवा मध्येच उठून दाराकडे निघाले. मी आवाज न चढवता म्हटलं, "उठावंसं वाटतंय ना? ते वाटणं नुसतं बघा. पळू नका. त्याच्यासोबत बसा." क्षणभर उभा राहिला, मग मुकाट्यानं परत येऊन बसला. खुर्चीच्या कडा दोन्ही हातांनी घट्ट धरल्या, पण बसला. तास संपेपर्यंत बसला. खोकलासुद्धा नाही.

असा प्रसंग चित्रणात मिळायला भाग्य लागतं. बाई खूश होतील.

प्रश्नावलीनं नंतर डबा खाता खाता विचारलं, "त्यांना श्वास सोडून दुसरं काही दिलं तर? तळपाय वगैरे? नाहीतर डोळे उघडे ठेवून?" मी सांगितलं की असा ज्याला त्याला वेगळा पदार्थ वाढायला आपण खाणावळ काढलेली नाही. अवघड वाटतं तिथेच काम असतं. ती "हो मॅडम" म्हणाली आणि पोळीचा तुकडा बराच वेळ हातात धरून बसली.

२५ सप्टेंबर, बुधवार

घरचा सराव कोण किती करतं ते विचारायचा दिवस. सगळ्यांनी नेहमीप्रमाणे थापा मारल्या. मुख्याध्यापिकाबाईंनी तर आपल्या शाळेतली मुलं देतात तीच कारणं दिली. बेकरीवाला प्रामाणिक. म्हणाला, "ताई, मी ऐकतो तुमची टेप, पण शेवट काय आहे ते मला अजून माहीत नाही."

जवान म्हणाला, "रोज दोनदा करतो, मॅडम. सांगितलंय तेवढं."

डोळे तांबारलेले, गाल बसलेले, दाढी वाढलेली. रोज दोनदा सराव करणारा माणूस असा दिसत नाही. प्यायला लागलाय की काय अशी शंका आली. बरं वाटतंय का विचारलं, तर "ठीक" म्हणाला. झोप? "ठीक." ह्यांच्या खात्यात 'ठीक' सोडून दुसरा शब्दच शिकवत नसावेत.

त्याच्या केंद्रप्रमुखांना मधल्या टप्प्याचा अहवाल द्यायचा होता, तो संध्याकाळी लिहून टाकला. 'सहकार्य मर्यादित. सरावाला विरोध जाणवतो. घरच्या सरावाबद्दल दिलेली माहिती विश्वासार्ह वाटत नाही.' थोडं कडक झालं. पण नऊ वर्षांत मी खोटा अहवाल दिलेला नाही.

९ ऑक्टोबर, बुधवार

आजचं आजच लिहून ठेवते.

आज लांबचा सराव होता. खोली शांत होती, अँब्युलन्ससुद्धा नाही. मी म्हणत होते, "दुसरं कुठंही जायचं नाही. फक्त हा श्वास. आणि हा पुढचा श्वास." तेवढ्यात खुर्ची आपटल्याचा आवाज झाला. डोळे उघडले तर तो दाराशी, शर्टाचं वरचं बटण तोडून गळा मोकळा केलेला, तोंड उघडं, आणि दार उलटीकडे ढकलतोय. ते दार आत उघडतं. त्याला कळेना. खांद्यानं धडका द्यायला लागला. नर्सनं धावत जाऊन दार ओढलं, तसा तिला बाजूला सारून जिन्याकडे पळाला. प्रश्नावली कॅमेरा सोडून त्याच्या मागे.

मी गटाबरोबर थांबले. दहा माणसं घाबरलेली, त्यांना सोडून जाणं बरोबर नव्हतं. त्यांना म्हटलं, आत्ता छातीत जे धडधडतंय तेच आपलं आजचं काम आहे, ते बघा. मुख्याध्यापिका रडायला लागल्या. बेकरीवाला म्हणाला, "ताई, बघत काय बसायचं? खाली जाऊन बघूया की, माणूस ठीक आहे ना." मी त्याला बसायला सांगितलं. बसला, पण डोळे काही मिटले नाहीत त्यानं.

तास मी पूर्ण केला. चित्रण चालूच होतं.

प्रश्नावली खूप उशिरानं वर आली. तो खाली अँब्युलन्स उभ्या राहतात तिथल्या कठड्यावर बसला होता म्हणे, ती शेजारी बसून राहिली. काय बोलला? "काही नाही. मीही नाही बोलले." मग काय केलंत एवढा वेळ? ती कॅमेऱ्याची वायर गुंडाळायला लागली.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

प्रश्नावलीशी कडाक्याचं वाजलं. मी त्याच्या नावापुढे 'कोर्स अर्धवट सोडला' असं लिहीत होते. ती म्हणाली, "सोडला नाही मॅडम, त्यांचा जीव गुदमरला. आपण गुदमरवला."

मी म्हटलं, तू इथे येऊन अजून वर्ष झालं नाही.

म्हणाली, "वर्ष नसेल झालं. पण तुम्ही त्यांच्याकडे बघत नव्हता मॅडम, कॅमेऱ्याकडे बघत होता."

मी तिला खोलीबाहेर जायला सांगितलं. ती गेली. दार हळूच लावून गेली, आपटलं असतं तरी चाललं असतं.

१६ ऑक्टोबर, बुधवार

तो आला नाही. खुर्च्यांचा गोल आज पूर्ण गोल होता. खोकला नाही, ऊठबस नाही. आत्तापर्यंतचं सगळ्यात स्वच्छ चित्रण. हेच पाठवावं.

शेवटी बेकरीवाल्यानं विचारलं, "ते आगवाले दादा कुठायत?" मी सांगितलं, त्यांना कोर्स झेपला नाही. "हं," म्हणाला. घरून आणलेल्या बिस्किटांचा पुडा त्यानं सगळ्यांत फिरवला, मग चारपाच उरलेली कागदात बांधून माझ्याकडे दिली. आले तर त्यांना द्या म्हणाला.

पुडी माझ्या टेबलावर आहे. इतकी चिडचिड का होतेय कळत नाही.

२१ ऑक्टोबर, सोमवार

ओपीडी संपत आली होती. एक बाई आत आल्या, नंबर न लावता. चष्म्याच्या दुकानातला निळा कोट अंगावर तसाच. "डॉक्टर, दोनच मिनिटं," म्हणाल्या. मी डॉक्टर नाही, मानसतज्ज्ञ आहे, असं सवयीनं सांगितलं. त्या म्हणाल्या, "जे कोण असाल ते. मी त्या आगवाल्याची बायको."

मी बसा म्हटलं. बसल्या नाहीत. उभ्यानंच सगळं सांगितलं, आणि जसं सांगितलं तसं इथे उतरवते, नाहीतर उद्या मी त्याला माझ्या सोयीचं रूप देईन.

मागच्या हिवाळ्यात एका दुकानाच्या तळघरात आग लागली होती. हे आत गेले. धुरात दोर हातातून सुटला, जोडीदार बाहेर पडला, ह्यांना वाट सापडेना. पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा संपत आली की शिट्टी वाजते म्हणे. ती वाजायला लागली. पुढे काय करायचं ते त्यांना शिकवलेलं असतं: जमिनीला टेकून पालथं पडायचं, हलायचं नाही, श्वास हळू घ्यायचा, जेवढा लागेल तेवढाच. मास्कमध्ये स्वतःचा श्वास सोडून दुसरं काही ऐकू येत नाही. ते पडून राहिले, एकेक श्वास ऐकत. त्यांना बाहेर काढलं तेव्हा शिट्टी थांबलेली होती, म्हणजे हवाच संपली होती.

तेव्हापासून मास्क घालायची वेळ आली की त्यांचा हात अडतो. म्हणून साहेबांनी माझ्याकडे पाठवलं.

"तळघरात पडून होते तेव्हाचं हे कोणाला बोलत नाहीत," त्या म्हणाल्या. "मला एकदाच बोलले. पण सांगितलेलं काम टाळायचा त्यांचा स्वभाव नाही. तुम्ही रोज दोनदा करा म्हणालात, ते दोनदा करायचे. आतल्या खोलीत दार लावून. बाहेर मला त्यांचा आवाज यायचा. तळघरात केलं तेच तुम्ही त्यांना घरी करायला लावलंत, डॉक्टर. पडून राहा, श्वास ऐका."

मग त्यांनी अहवालाचं विचारलं. 'माहिती विश्वासार्ह वाटत नाही' म्हणजे काय, हे खोटं बोलतात असं का? मी काहीतरी बोलले. काय बोलले ते आठवत नाही. त्या म्हणाल्या की आता नोकरीत ठेवायचं की नाही ते ठरवायला समिती बसणार आहे, आणि समितीपुढे कागद एकच आहे, माझा.

बिस्किटांची पुडी मी त्यांना दिली. कशाला दिली कोण जाणे. त्यांनी ती टेबलावर परत ठेवली आणि गेल्या.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

दुपारी खोलीला आतून कडी घालून ९ तारखेचं चित्रण लावलं. माझा आवाज किती गोड आहे. किती संथ. "दुसरं कुठंही जायचं नाही."

पुढचं बघवलं नाही. थांबवलं, मग पुन्हा लावलं, शेवटापर्यंत बघितलं.

प्रश्नावलीला बोलावून सांगितलं, तू म्हणत होतीस ते बरोबर होतं. तिला आनंद होईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "आता काय करायचं?" पुन्हा प्रश्नच.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

अग्निशमन केंद्रात जाऊन आले. केंद्रप्रमुख सभ्य माणूस. म्हणाले, अहवाल वर गेला, आता माझ्या हातात काही नाही, पाच तारखेला समिती आहे, यायचं तर या. 'तो' मागच्या अंगणात लांबलचक पाइप धुऊन वाळत घालत होता. गाडीवरून काढून त्याला ह्या कामाला लावलंय.

मला बघून हातातलं काम थांबवून सरळ उभा राहिला, साहेब आल्यावर राहतात तसा. मी माफी मागितली. घरून वाक्यं जुळवून नेली होती, ती सगळी म्हटली.

तो म्हणाला, "तुम्ही सांगितलं ते मी केलं, मॅडम. माझंच कुठेतरी चुकलं असेल."

मी म्हटलं, नाही, तुमचं काही चुकलं नाही. तो "ठीक" म्हणाला आणि पाइपची गुंडाळी करायला लागला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तिथे उभी, माझ्या चपला भिजल्यात, आणि हा मला वाट द्यायला बाजूला सरकतोय.

परत येताना रिकाम्या रस्त्यावर नवऱ्याला फोन करून त्याच्यावरच ओरडले, गाडी धुतली नाहीस म्हणून. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, "बरं झालं ओरडलीस. आता घरी ये."

२८ ऑक्टोबर, सोमवार

विभागप्रमुखांना सांगितलं की समितीपुढे जाऊन मी माझा अहवाल मागे घेणार. त्यांनी खुर्ची जवळ ओढली, म्हणजे ते मला समजावणार. तोंडी काय ते सांगा, लेखी देऊ नका, हॉस्पिटलचं नाव येतं. शिवाय स्वतंत्र मुलाखती झाल्या नाहीत असं म्हणालात तर बोट कोणाकडे जाईल? मी म्हटलं, थोडं तुमच्याकडे, बरंचसं माझ्याकडे. त्यांना ते विनोदी वाटलं नाही.

मग बाईंना फोन केला. खरं सांगायचं तर पाठीवर हात फिरवून घ्यायला केला होता. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "डोळे उघडे ठेवले तरी चालतील, श्वास नको असेल तर दुसरं काही धरा, हे पहिल्याच तासाला सांगायचं असतं. मी शिकवलं होतं की नाही?"

शिकवलं होतं. आराखड्याच्या पहिल्याच पानावर आहे. वेळ जातो म्हणून मी ते एका वाक्यात उरकते, हल्ली तर तेही नाही.

"मग मला कुठलं चित्रण पाठवणारेस?"

९ तारखेचं पाठवलं. पाठवताना बोट अडखळलं, खोटं कशाला बोलू.

५ नोव्हेंबर, मंगळवार

समिती झाली. लांबलचक टेबल, पलीकडे तीन अधिकारी, अलीकडे तो, केंद्रप्रमुख आणि मी. अहवाल मागे घेत असल्याचा कागद मी आधीच दिला होता, लेखी. तरी मधल्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "म्हणजे तुमचा कोर्स घातक आहे असं म्हणायचंय का तुम्हाला?"

मी म्हटलं, "सगळ्यांना नाही. ह्यांना झाला. आणि ते ओळखणं माझं काम होतं."

ते म्हणाले, का झाला ते कळल्याशिवाय आम्ही काय ठरवणार? मग मी सांगितलं. तळघर, दोर, शिट्टी, पालथं पडून ऐकलेले श्वास. कधी नव्हे ते इतकं चांगलं बोलले. तिघंही कागद बाजूला ठेवून ऐकत होते. एकानं तर चष्मा काढून पुसला.

निर्णय चांगला लागला. नोकरी राहिली. सहा महिने मास्कचं काम नाही, उपचार दुसऱ्या तज्ज्ञाकडे, मग पुन्हा विचार.

बाहेर आल्यावर मी त्याच्याकडे बघून हसले. जिंकल्यासारखं वाटत होतं. तो माझ्याजवळ आला. पहिल्यांदाच त्यानं माझ्या डोळ्यांत बघितलं.

"मॅडम, तळघरात आत काय झालं ते मी बायको सोडून कोणाला सांगितलं नव्हतं."

मी म्हटलं, पण त्यामुळेच तर...

"आत बसलेत ते माझे साहेब आहेत. उद्या मी त्यांच्यासमोर उभा राहणार. त्यांना आता मी तिथे पडलेला दिसणार. मला विचारायचं होतंत. आत जायच्या आधी एकदा विचारायचं होतंत."

तो पायऱ्या उतरून गेला. केंद्रप्रमुख म्हणाले, मनावर घेऊ नका, नोकरी वाचली ना त्याची. मी मनावर घेतलंय. रागही आलाय, आणि कोणाचा ते ठरवता येत नाही. त्याच्या बायकोनं ते मला विश्वासानं सांगितलं होतं. मी ते वापरलं. चांगल्या कामासाठी वापरलं, पण वापरलंच.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

बाईंचा निरोप आला. ह्या वर्षी परवानगी नाही. 'चित्रण पाठवलंस हे चांगलं केलंस. पण तू त्याच्यामागे गेली नाहीस. सहकारी गेली. तिला माझ्याकडे पाठव, तिला शिकायचं असेल तर.' एवढंच.

वाचून पहिल्यांदा प्रश्नावलीचा हेवा वाटला. चांगलाच वाटला. जेवण झाल्यावर तिला निरोप दिला. ती म्हणाली, "आणि तुमचं?" मी म्हटलं, माझं बघू.

कोर्स विभागप्रमुखांनी तूर्त बंद ठेवलाय. खोलीत पुन्हा पाठदुखीचे पेशंट येणार. मोडकी सायकल आता तरी कोणीतरी उचलेल.

सासूबाईंना संध्याकाळी सगळं सांगितलं, धापेच्या गोष्टीसकट. त्या म्हणाल्या, "मी सांगितलं तेव्हा तू मलाच शिकवायला बसलीस." मग त्यांनी माझ्यासाठी चहा टाकला. साखर दुप्पट घातली होती, मी प्यायले.

२५ नोव्हेंबर, सोमवार

तो आला. न सांगता, ओपीडीच्या दारात उभा. खाकी गणवेश, हातात टोपी.

"बायको म्हणाली एकदा जाऊन ये. ज्या तज्ज्ञाकडे पाठवलंय ती तारीख पुढच्या महिन्यातली आहे."

मी खुर्ची पुढे केली. तो म्हणाला बसणार नाही, डोळे मिटणार नाही, श्वासाचं नाव काढायचं नाही. मी हो म्हटलं. मग काय करायचं, हा प्रश्न दोघांनाही पडला. माझ्याकडे ह्यावर कुठला आराखडा नाही.

"फिरूया?" मी विचारलं.

"चालेल. पण तुम्ही बोलू नका, मॅडम. थोडा वेळ."

हॉस्पिटलच्या आवाराला आम्ही फेऱ्या घालायला लागलो. धुलाईखाना, त्यातून येणारी वाफ, मग स्वयंपाकघराची मागची बाजू, रिकामे क्रेट, मग ऑक्सिजनच्या टाक्यांचं कुंपण, मग फाटक. तो माझ्यापेक्षा भराभर चालतो. मला धावल्यासारखं होत होतं. पहिल्या फेरीतच मला त्याला म्हणावंसं वाटलं की जमिनीला टेकणारे पाय बघा. नाही म्हटलं. दुसऱ्या फेरीत समितीच्या दिवसाबद्दल माफी मागावीशी वाटली. तीही नाही मागितली, कारण त्यानं बोलू नका म्हटलं होतं. तिडीक येत होती. इतक्या वर्षांची विद्या तोंडात कोंबून नुसतं चालायचं.

धुलाईखान्याशी पुन्हा आलो तेव्हा त्याचा वेग कमी झाला. वाफेकडे बघत उभा राहिला.

"शिट्टी थांबल्यावर," तो म्हणाला, "मला बरं वाटलं होतं. सुटलो असं वाटलं. हे बायकोला पण माहीत नाही."

माझ्याकडे ह्याच्यावर तीन चांगली वाक्यं होती. तिन्ही खरी होती, आणि तिन्ही त्याच्या उपयोगाची असतील असं मला वाटत होतं. मी त्याच्या शेजारी उभी राहिले. आतून एक बाई चादरींची गाडी ढकलत बाहेर आली, आम्ही दोघं तिला वाट द्यायला बाजूला झालो. चादरी गेल्या. तो पुन्हा चालायला लागला, मीही.

फाटकाशी येऊन त्यानं टोपी डोक्यावर ठेवली आणि म्हणाला, "आज एवढंच करूया."

हे वाक्य आमच्या धंद्यात मी म्हणते. मी "बरं" म्हटलं. तो निघून गेला, पुढची वेळ ठरवली नाही, मीही विचारली नाही.

त्याच्या कागदावर आज काय नोंद करायची ते अजून कळलेलं नाही. पोटऱ्यांत गोळे आलेत. नोंदीची जागा कोरी ठेवून घरी आले.